पहिल्या नगाचा तडा

आमच्या घरी पाहुणे आले की माझे यजमान त्यांना दारातच सांगून ठेवतात, "हिला तड्यांविषयी विचारू नका, जेवण गार होईल." पाहुणे हसतात, आणि त्यांतला एखादा हमखास विचारतोच. मग जेवण गार होतं. त्याला मी काय करणार? सगळी नोकरी मी वस्तू मोडण्याचा पगार घेतला. बाकीचे लोक दिवसभर काहीतरी बनवायचे, जोडायचे, रंगवायचे. मी ते मोडायचे आणि मोडलं कसं ते लिहून ठेवायचे. सासूबाईंना माझ्या कामाचं स्वरूप शेवटपर्यंत पटलं नाही. "एवढं शिकून फोडाफोडीच करायची होती होय?" असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या हातून कपबशी फुटली की मुद्दाम मला हाक मारायच्या.

आमचा कारखाना चिकलठाण्याला, जालना रोडपासून जरा आत. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. तीनचाकी मालवाहू टेम्पोचे पाटे आम्ही बनवायचो. पाटा म्हणजे गाडीचं धड आणि चाक यांच्यामधली ती वाकलेली पट्टी, जी रस्त्याचे सगळे धक्के स्वतः खाते. ही पट्टी सगळीकडे पोलादाची असते. आमच्या मालकांच्या डोक्यात आलं की ती काचेच्या धाग्याची करायची. वजनाला हलकी, गंजायची नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, काच आणि धक्के? वेड लागलंय का? पण काचेचा धागा केसाइतका बारीक ओढला की तो भलताच चिवट होतो. त्याचं कापड विणायचं, कापडाच्या पट्ट्या कापायच्या आणि एकावर एक लावायच्या, मध्ये रेझिन नावाचा घट्ट चिकट द्राव. अळूवडी करताना पान, पीठ, पान, पीठ असं लावतो ना, तसंच. शेवटी तो गठ्ठा गरम प्रेसमध्ये दाबायचा. बाहेर येतो काळाभोर, दगडासारखा पाटा.

आता यातली गंमत ऐका. धागा दणकट असतो, रेझिनही दणकट असतं, पण खरी कसोटी दोघांच्या मधल्या जागेची. नवरा चांगला, बायको चांगली, भांडण मात्र दोघांच्या मध्ये कुठेतरी, तशातला प्रकार. तडा जाताना तो ही मधली जागा बरोबर शोधून काढतो. आणि तो कसा जाईल हे धक्का किती मोठा यावर जितकं असतं, तितकंच तो किती झटक्यात बसला यावर असतं. गजरा ओवून झाल्यावर दोरा हळूहळू ओढून तुटत नाही, बोटं कापतात. हिसका दिला की तुटतो. दोरा तोच, हातही तोच. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवडाभर घरातल्या प्रत्येक वस्तूला हिसके देऊन पाहत होते.

म्हणून माझ्या खोलीत दोन यंत्रं होती. एक पाट्याला सावकाश दाबत नेणारं, गरीब स्वभावाचं. दुसरा आमचा हातोडा. दोन उभ्या रुळांमधून एक जड लोखंडी ठोकळा वरून सुटायचा आणि खाली आडव्या ठेवलेल्या पाट्याच्या मधोमध आदळायचा. धाड! शेजारच्या कारखान्यातले लोक सुरुवातीला भांडायला आले होते. पाट्याच्या कडेला मी आधी चुन्याचा पातळ हात द्यायचे, म्हणजे काळ्यावर न दिसणारी चीरसुद्धा पांढऱ्यावर उमटते. मग रुपयाच्या नाण्यानं पाटा टोकापासून टोकापर्यंत वाजवत जायचे. आतून थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. बाजारात माठ वाजवून घेतो, त्यातलाच प्रकार. माझ्या नाण्याला सगळे हसायचे, पण माझा कान कधी चुकला नाही. कान चुकला नाही, अक्कल चुकली. तेच सांगायचं आहे.

नियम असा होता, की रोज सकाळी पहिल्या पाळीत जो पहिला नग प्रेसमधून निघेल, तो माझ्याकडे तपासणीला यायचा. तो पास झाला, की त्या दिवसाच्या सगळ्या मालावर माझ्या सहीची चिठ्ठी लागायची. आणि पहिले नग काय सुंदर मोडायचे! हातोडा पडला की ताण असलेल्या बाजूनं तडा निघायचा, चार-पाच थर कापायचा, आणि एकदम आडवा वळायचा. थरांच्या मधून जरा सरपटायचा आणि थांबायचा. पाटा खचायचा, पण दोन तुकडे व्हायचे नाहीत. गाडीसाठी याहून चांगलं काय? पाटा बिघडला तरी ड्रायव्हर हळूहळू घरी पोचणार. मी मालकांना चुन्यावरची ती वळलेली रेघ दाखवायचे आणि फुगून जायचे. पन्नासेक टेम्पोंना आमचे पाटे लागले.

मग एके दिवशी दुपारी शकूरभाई आले. कन्नड गावचे टेम्पोवाले. कांद्याचं पोतं खांद्यावर घेऊन गेटवर उभे, आणि "पाटे पास करनेवाली मॅडम" पाहिजे म्हणून अडून बसलेले. मीही मूळची कन्नडची, त्यामुळे माझ्या गावचा माणूस समजून वॉचमननं आत सोडलं. त्यांनी माझ्या टेबलावर पोतं उलटं केलं. कांद्याची सालं पडली आणि मागोमाग पाट्याचे दोन तुकडे. सरळ, मधोमध, सुरीनं कापल्यासारखे दोन. एका तुकड्यावर माझी चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"ये सही तुमारीच हैना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"घाट उतर्‍या था मैं. बाजू में घरवाली बैठी थी. एक गड्ढा आया, धडाम करके टूट्या. गाडी डोंगर के तरफ झुकी, इसलिए तुमारे सामने खड़ा हूं. दरी के तरफ झुकती तो?"

आमचे मॅनेजर जोशीसाहेब तोवर धावत आले होते. ते नुकसानभरपाईचं बोलायला लागले. शकूरभाईंनी हात वर केला. "पैसे नक्को, साब. मेरेकू इत्ताच बोलो, कैकू टूट्या?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या घाबरलेल्या क्षणीसुद्धा माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला "का" विचारलं नव्हतं. सगळे "कधी बदलून देता" विचारायचे. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. पण शोधते. शोधल्याशिवाय एकही पाटा गेटबाहेर जाणार नाही."

जोशीसाहेबांचा चेहरा पडला. शकूरभाई गेल्यावर म्हणाले, "सुनंदाबाई, कोणाच्या जिवावर बोललात हे? त्यानं कांदे कोंबले असतील दुप्पट. आपला माल तुमच्याच हातोड्याखाली पास झालाय. मालकांना काय सांगू?" शेवटी आठ दिवसांवर तडजोड झाली. आठ दिवस माल थांबेल. तोवर मी कारण दाखवलं नाही, तर ओव्हरलोड असं लिहून प्रकरण बंद. पन्नास गाड्या मात्र रोज घाट चढत-उतरत राहणार होत्या.

चार दिवस मी वेड्यासारखे नग मोडले. सकाळी पहिला नग यायचा, हातोडा, धाड, तडा वळायचा. हातोडा आणखी वरून सोडला, तरी वळायचा. शेगडीवर तापवून मोडला, पाण्यात भिजवून मोडला. वळायचाच! शकूरभाईंचे दोन तुकडे टेबलावर तसेच, माझ्याकडे बघत पडलेले. मी त्यांच्याशी बोलायला लागले होते. पाचव्या दिवशी हातोड्याचा दोर ओढताना मी अचानक थांबले. हा पहिला नग. कालचा पहिला नग. परवाचाही पहिलाच. मी आयुष्यात दुसरा नग मोडला होता का?

मी तशीच पळत गोदामात गेले, त्याच दिवशीच्या मालातला एक कुठलाही पाटा ओढून आणला आणि चुना वाळायचीही वाट न बघता हातोडा सोडला. दोन तुकडे. सरळ, मधोमध. आणखी एक आणला. दोन तुकडे! मी जोशीसाहेबांना हाताला धरून आणलं. त्यांच्या हाताला माझ्या हातावरचा चुना लागला. त्यांच्यासमोर तिसरा मोडला. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी स्वतःच फोन उचलला. त्या संध्याकाळपासून गाड्यांवरचे पाटे उतरवायला सुरुवात झाली. मालकांनी आधी आरडाओरडा केला, पण हातोडा एकदा बघितल्यावर त्यांनीच गाड्यांची यादी मागवली. शेवटची गाडी परत येईपर्यंत मी रोज गेटवर गाड्या मोजत होते.

पण कोडं तर आता कुठे सुरू झालं होतं. रेझिन एकच, कापड एकच, प्रेस एकच. मग पहिल्या नगात असं काय होतं की तडा वळावा? मोडलेला एक पहिला नग घेऊन तडा वळला होता तिथे मी छिन्नी घातली. अळूवडीचा थर सुटावा तसा तो नग उघडला. आत, काळ्या रेझिनमध्ये, शिरांसकट उमटलेली तीन पानं. एका देठाची. बेल!

मी मोठ्यानं हसले. खोलीत कोणी नव्हतं, तरी हसले. ताणाच्या बाजूनं मोजले, तर पाच थर झाल्यावर ते पान होतं, बरोबर मधोमध, जिथे पाट्याला सगळ्यांत जास्त सोसावं लागतं तिथे. उरलेले सगळे पहिले नग फोडले. प्रत्येकात पान. मी नऊला कामावर यायचे आणि पहिला नग सातच्या पाळीत व्हायचा. मी आजवर तो होताना पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सातला मी थर लावायच्या खोलीच्या दारात उभी राहिले. तिथे आठ बायका काम करायच्या. त्यांची मुख्य चंद्रकलाबाई, वेरूळच्या बाजूची, पहाटेची एसटी पकडून यायची. कामाला अशी नेटकी, की तिच्या हातचा थर तसूभर इकडेतिकडे व्हायचा नाही. तिनं पाच थर लावले, हात पुसले, पिशवीतून एक वाळलेलं बेलाचं पान काढलं, कपाळाला लावलं आणि मधोमध ठेवलं. मग सहावा थर.

मी पुढे गेले. ती दचकली.

"मॅडम, रागावू नगा. रोज नाय, फकस्त पयल्याला ठिवते."

"का पण?"

"पयला नग तुमच्याकडं जातोय न्हवं? हातोड्याखाली. लोकांचं पयलं लेकरू आपण देवाच्या पायावर घालतो, अन मी ह्याला मोकळंच धाडू व्हय? सोमवारी महादेवाला वाहिलेली पानं आणते. वाळलेलं पान हाय मॅडम, पातळ. त्यानं काय व्हतंय?"

काय होतं ते मी तिला सांगावं, की तिला मिठी मारावी, हे मला कळेना. सगळा उलगडा डोक्यात धडाधड होत होता. बेलाचं पान गुळगुळीत, वरून मेणचट. रेझिन त्याला धड चिकटत नाही. म्हणजे त्या एवढ्याशा जागेत दोन थर एकमेकांना सैल धरून होते. झटक्यात आलेला तडा सरळ धावत येतो, तेव्हा त्याचं टोक सुईसारखं असतं. सगळे थर घट्ट असतील, तर तो थांबतोच कशाला? आरपार जातो. पण समोर सैल जागा आली, की तो तिच्यात शिरून आडवा होतो आणि थर सोडवण्यातच त्याचा सगळा जोर संपतो. आम्ही वर्षभर थर जास्तीत जास्त घट्ट कसे चिकटतील यासाठी जिवाचं रान केलं होतं. पाटा तुटत होता तो त्या घट्टपणामुळेच! सावकाश दाबणाऱ्या यंत्रात नंतर पानाचा आणि बिनपानाचा नग दाबून पाहिले, तर दोन्ही जवळजवळ सारखेच भरले. पानाचा किंचित कमीच. हिशेबात तो किंचित कच्चा आणि घाटात तोच पक्का. त्या सकाळी मी तिथेच उभी राहून सगळ्या बायकांना हे हातवारे करून सांगायला लागणार, तोच जिन्यावर जोशीसाहेबांची पावलं वाजली.

साहेबांना कारण सापडलंय एवढं कळलं होतं. मी त्यांना बाजूला नेऊन एक उघडलेला नग दाखवला. एकच; प्रत्येकात पान आहे हे सांगितलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. "पान? गाडीच्या पाट्यात? आज पान, उद्या नारळ फोडतील आत! कोणी ठेवलं? त्या बाईला आजच्या आज काढतो."

मी क्षणभरही विचार न करता म्हणाले, "ठेवलं नाही साहेब, पडलं असेल. खिडकीतून उडून आलं असेल."

आमच्या आवारात बेलाचं झाड नव्हतं. खिडकीबाहेर होता तो कडुनिंब. साहेबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी घाईघाईनं पुढचं सांगू लागले, की पान म्हणजे लॉटरी आहे, आपण मुद्दामच एक पातळ सैल थर घातला तर? त्यांचे डोळे चमकले आणि पान कोणी ठेवलं हा प्रश्न तिथेच विरला. मी मनात म्हटलं, सुनंदा, एका वाक्यात बाईची नोकरी वाचवलीस.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत झकास. पतंगाच्या कागदासारखी पातळ, न चिकटणारी फिल्म आणली. मोठा तुकडा घातला, तर साध्या खड्ड्यांच्या रोजच्या मारानंच थर सरकायला लागले. अगदी छोटा घातला, तर तडा त्याला वळसा घालून आरपार. एकेक बोट कमी-जास्त करत गेलो. मी आनंदानं ओरडायचे, "वळला! वळला!" आणि गेटवरचा वॉचमनही विचारायचा, "मॅडम, आज वळला का?" शेवटी जो आकार ठरला तो कागदावर काढला, तर तिन्ही पानांवर जवळजवळ तंतोतंत बसत होता. तपासणीचा नियमही बदलला. पहिला नग बंद; चिठ्ठ्या उचलून निघेल तो कुठलाही. चंद्रकलाबाईला मी एवढंच सांगितलं, की आता पान ठेवू नका, वरचे लोक रागावतील. ती "बरं" म्हणाली. आता तिच्या हातून प्रत्येक नगात फिल्म जायची, पाच थर झाले की मधोमध.

वर्षभरानं शकूरभाई पुन्हा पोतं घेऊन आले. आत एकच अख्खा पाटा, खचलेला, कडेनं आडवी चीर. "घाट में बैठ गया, पर टूट्या नै. धीरे धीरे घर कू गया." मग मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "अब बोलो, कैकू टूट्या था?" मी त्यांना चहा पाजला आणि दोन तास सगळं समजावलं. पान "उडून आलं" असंच सांगितलं. तोवर ते माझ्या तोंडात बसलं होतं.

आणि पुढे ते सगळ्यांच्याच तोंडात बसलं. मालक बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती कथा रंगवून सांगायचे: एक पान उडून येतं काय, आमच्या मॅडमच्या नजरेला पडतं काय, आणि नवा पाटा जन्माला येतो काय! पाहुणे टाळ्या वाजवायचे. अहवालावर माझं नाव होतं. मला बढती मिळाली, भिंतीवर फोटो लागला. मालक कथा सांगायचे तेव्हा काचेच्या पलीकडे चंद्रकलाबाई थर लावत असायची. सुरुवातीला तिची नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिले, हे खरं. पण जोशीसाहेब निवृत्त झाले, मालकांचे चिरंजीव आले, तिची नोकरी पक्की झाली, कोणी तिला काढणार नव्हतं. तरी मी गप्पच राहिले. त्याला मी काय नाव देऊ? कथेत मी छान दिसत होते, दुसरं काय.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, की आधी तिला वाचून दाखवायचा. मागच्या महिन्यात वेरूळच्या अलीकडे तिच्या गावी गेले. तीही आता घरीच असते. केस पांढरे झालेत, बोटं मात्र तशीच सरळ. तिनं चहा ठेवला, लेकीला हाक मारून शेजारी बसवलं आणि म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. हातोड्याच्या भागाला ती खुदकन हसली. बेलाचं पान आलं, तशी लेक आईकडे बघायला लागली. मी जोशीसाहेबांना काय सांगितलं ते वाचलं, आणि थांबले. म्हणाले, "चंद्रकलाबाई, तुमची नोकरी जाईल म्हणून बोलले हो मी."

"ते मला तवाच कळलं व्हतं. उपकारच झालं तुमचं," ती म्हणाली. "पर मागून कंदी सांगाल म्हनून वाट बघितली मी. मालक पावन्यांना घिऊन यायचं, तवा दर टायमाला वाटायचं, आज मॅडम सांगत्याल."

लेकीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हणाले, "आता लिहिते ना. सगळं लिहिते, तुमच्या नावासकट. आणखी काय लिहू सांगा."

तिनं जरा विचार केला. मग एकेक शब्द मोजून, मला लिहून घ्यायला वेळ मिळावा अशा बेतानं म्हणाली, "बाकी तुमचं तुमी लिवा. एवढंच नीट लिवा, की पान उडून आलं नव्हतं. मी ठिवलं व्हतं."